आबांची दोन नावे आणि एक दाखला

आमच्या आबांचे निधन १९ जून १९८६ रोजी झाले आणि त्यांच्या मृत्यूचा सरकारी दाखला आम्हांला २८ ऑगस्ट २०२४ रोजी मिळाला. २०२३ पर्यंत या कागदाची उणीव आमच्यापैकी कोणाला जाणवली नव्हती. आबांना गावाच्या दफनभूमीत मूठमाती दिली गेली, मंडळीच्या, म्हणजे गावातल्या आमच्या ख्रिस्ती समुदायाच्या, रजिस्टरमध्ये पाळकसाहेबांनी (आमच्या धर्मगुरूंनी) नोंद केली, आणि त्या काळच्या आमच्या माणसांच्या समजुतीप्रमाणे नोंद म्हणजे तीच. ग्रामपंचायतीतही वेगळी वर्दी द्यावी लागते, हे पेरणीच्या गडबडीत कोणाच्या ध्यानात आले नाही. सातबाऱ्यावर आबांचेच नाव राहिले, वडील आणि चुलते एकत्र जमीन कसत राहिले, आणि २०२३ मध्ये वडिलांनी पीककर्जासाठी अर्ज केला तेव्हा 'मयत खातेदाराच्या नावावर कर्ज देता येत नाही' असे उत्तर मिळाले. ज्या कुटुंबांची अशीच अडचण आहे, विशेषतः खेड्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांची, त्यांना उपयोग व्हावा म्हणून मी ही हकिकत क्रमाने लिहून ठेवत आहे.

आमचे गाव नगर जिल्ह्याच्या उत्तर भागात आहे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे उघडले आणि पुढच्या काही दशकांत आसपासच्या तालुक्यांतल्या खेड्यांमध्ये शाळा आणि छोट्या मंडळ्या उभ्या राहिल्या. आमची मंडळी त्यांपैकीच एक. जमीन १ हेक्टर ४२ आर, मूळची वतनाची, म्हणजे गावाच्या सेवेबद्दल मिळालेली. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकी वतने खालसा झाली आणि नंतर ही जमीन फेरप्रदान होऊन, म्हणजे सरकारकडून पुन्हा दिली जाऊन, आबांच्या नावावर आली, म्हणून सातबाऱ्यावर आजही 'भोगवटादार वर्ग २' असे लिहिलेले आहे. हा शेरा पाहून मी सुरुवातीला घाबरले होते. वर्ग २ ची जमीन विकायची असेल तर सरकारी परवानगी लागते. वारसांची नावे लावण्यासाठी ती लागत नाही, हे मला तलाठी कार्यालयात समजले.

दिवाळी उरकल्यावर, २२ नोव्हेंबर २०२३ रोजी, मी पुण्याहून रजा काढून गावी गेले आणि ग्रामपंचायतीत १९८६ च्या मृत्यू नोंदवहीचा शोध घेण्यासाठी अर्ज दिला. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी माझ्यासमोर जून ते डिसेंबरची सर्व पाने उलटून पाहिली. आबांच्या मृत्यूच्या आठवड्यात गावातल्या दुसऱ्या दोघांची नोंद होती, आबांची नव्हती. त्यानंतर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातही शोध घेतला. तिथे जुन्या कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, पाने निघाली, पण १९८६ चे काही हाती आले नाही. अखेर ५ डिसेंबरला ग्रामपंचायतीने नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, म्हणजे नमुना १०, दिला. हा कागद नकारात्मक वाटतो, परंतु पुढचे सर्व काम त्याच्यावरच उभे राहते. त्यामुळे 'नोंद नाही' असे तोंडी उत्तर घेऊन कोणी परत येऊ नये; ते लेखी घ्यावे, त्यावर जावक क्रमांक आणि शिक्का आहे याची खात्री करून घ्यावी.

मृत्यूची वर्दी २१ दिवसांच्या आत द्यावी असा जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा सांगतो. एका वर्षापेक्षा जास्त उशीर झाला असेल तर पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागत असे. कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आणि हा अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी प्राधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. आमच्या बाबतीत ते तहसीलदार होते. बदल नवा असल्यामुळे आम्हांला एका ठिकाणी न्यायालयात जा असे सांगण्यात आले आणि न्यायालयाच्या आवारातून पुन्हा तहसीलला पाठवण्यात आले. त्यात तीन आठवडे गेले. २०२५ च्या मार्चमध्ये राज्य शासनाने उशिराच्या नोंदींची कार्यपद्धती आणखी कडक केली आहे, म्हणून आता अर्ज करणाऱ्यांनी आमच्या कागदांवर विसंबून न राहता आधी कार्यालयातून चालू यादी घ्यावी.

तहसीलमध्ये पहिला प्रश्न विचारला गेला तो असा : मृत्यू त्याच दिवशी आणि त्याच गावी झाला, याला पुरावा काय? आबा घरी वारले होते, दवाखान्याचा एकही कागद नव्हता. पुरावा असलाच तर तो मंडळीच्या दफन रजिस्टरमध्ये होता.

आमच्या गावात पाळक राहत नाहीत. एकच पाळकसाहेब सहा गावांच्या मंडळ्या सांभाळतात आणि महिन्यातून एका रविवारी आमच्याकडे प्रभुभोजनाची भक्ती, म्हणजे उपासना, घेतात. उरलेल्या रविवारी मंडळीतले पंच भक्ती चालवतात. पाळकसाहेबांनी डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी वेळ दिली. नाताळाची तयारी चालू असताना त्यांनी माझ्यासाठी अर्धा दिवस काढला, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. मंदिराच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, मागच्या खोलीत एक लोखंडी पेटी आहे. तिच्यात बाप्तिस्मा, विवाह आणि दफन अशी तीन प्रकारची रजिस्टरे कापडात बांधून ठेवलेली होती. जुन्यांवर मिशनचे नाव, आणि १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली त्यानंतरच्या वह्यांवर नवे नाव. १९८६ ची नोंद दहा मिनिटांत सापडली. मृत्यूची तारीख, दफनाची तारीख २० जून, वय ६८, कारण 'ताप', धंदा 'शेतकरी', आणि दफनविधी करणाऱ्या तेव्हाच्या पाळकांची सही. अक्षर सुंदर होते. मी त्या ओळीवर बोट ठेवले आणि काही वेळ बोलू शकले नाही, कारण ज्या दिवशी मला शेजारच्या घरी नेऊन बसवले होते त्या दिवसाचा माझ्या हाती लागलेला तो पहिला कागद होता. मी तेव्हा सात वर्षांची होते.

पण त्याच ओळीत आमची मोठी अडचणही होती. रजिस्टरमध्ये आबांचे बाप्तिस्म्याचे नाव होते, बायबलमधले. सातबाऱ्यावर होते ते त्यांच्या आजीने ठेवलेले हाकेचे नाव. बाप्तिस्मा रजिस्टरवरून कळले की ते नऊ वर्षांचे असताना, १९२७ मध्ये, आईवडिलांसह त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि तेव्हा त्यांना नवे नाव मिळाले. मंडळीत, लग्नात आणि मुलांच्या शाळेत ते नव्या नावाने राहिले. चावडीवर, बाजारात आणि सोसायटीत जुन्याच नावाने. गावातले लोक त्यांना दोन्ही नावांनी ओळखत, म्हणून हयातीत कधी अडचण आली नाही. कागदावर मात्र ही दोन वेगळी माणसे होती. आमच्यासारख्या कित्येक घरांत हे असेच झालेले आहे. म्हणून वाचकांना सांगावेसे वाटते की मंडळीच्या रजिस्टरमधला उतारा घेण्यापूर्वी सातबारा, शाळेचे दाखले आणि जुने रेशनकार्ड एकत्र मांडून प्रत्येकावरचे नाव अक्षरशः ताडून पाहावे. हे काम आधी केले असते तर माझ्या दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

पाळकसाहेबांनी रजिस्टरच्या नोंदीचा सही-शिक्क्यानिशी उतारा दिला. आत्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर आबांचे नाव बाप्तिस्म्याचे होते. सातबारा आणि जुने फेरफार हाकेच्या नावाचे होते. दोन्ही नावे एकत्र असलेला एकही कागद मिळेना. प्रतिज्ञापत्र करता येते, पण त्याला आधार असेल तर काम सोपे होते, असे वकिलांनी सांगितले.

तो आधार थोरल्या आत्यांनी काढून दिला. आबांचे बायबल त्यांच्याकडे आहे. आबा शाळेत गेले नव्हते; मिशनच्या रात्रीच्या वर्गात वयाच्या पंचविशीत वाचायला शिकले, आणि त्यानंतर रोज संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात, बोट एकेका शब्दावर फिरवत, एक अध्याय मोठ्याने वाचत. बैलांना वैरण घातल्याशिवाय ते वाचायला बसत नसत, आणि प्रार्थना झाल्याशिवाय घरात कोणी जेवत नसे. त्या बायबलच्या सुरुवातीच्या कोऱ्या पानावर त्यांच्या चारही मुलांच्या जन्मतारखा, वाकड्यातिकड्या अक्षरांत, त्यांनी स्वतः लिहिलेल्या आहेत. जानेवारी २०२४ मध्ये आत्या आणि मी ते बायबल पानापानाने तपासत होतो, तेव्हा स्तोत्रसंहितेत चार घड्या घातलेली एक पावती सापडली. १९७३ सालची तगाईची पावती होती ती, विहीर खोल करण्यासाठी काढलेल्या कर्जाची. कोणा कारकुनाने तिच्यावर आबांचे हाकेचे नाव लिहून पुढे 'ऊर्फ' घालून बाप्तिस्म्याचे नाव लिहिले होते.

बहात्तरच्या दुष्काळाची ती वर्षे. आबा आणि आजी दोघेही पाझर तलावाच्या कामावर जात होते. घरात मिलोच्या, म्हणजे आयात केलेल्या ज्वारीच्या, भाकरी आणि मुलांना कामावर मिळणारी सुकडी, एवढेच खाणे होते, असे वडील सांगतात. त्याही वर्षी आबांनी मंडळीच्या हंगामाच्या सणाला अर्पण नेले. पीक नव्हते, म्हणून त्यांनी कामाच्या मजुरीतला दशांश नेला. वडिलांना ते त्या वयात रुचले नव्हते आणि ते तसे बोललेही होते. आबांनी उत्तर दिले नाही, पण दुसऱ्या दिवशी मुलाला बरोबर घेऊन मंदिराच्या अंगणातल्या लिंबाला पाणी घालायला गेले. ही आठवण वडिलांनी मला पहिल्यांदा सांगितली ती तगाईची पावती हातात धरून, आणि सांगताना त्यांचा आवाज भरून आला. कागद शोधण्याच्या निमित्ताने घरातली माणसे जे बोलली, ते मी एका वहीत तारखेनिशी लिहून ठेवत गेले. ही सवय मला फार उपयोगी पडली आणि दुसऱ्यांनीही ती लावून घ्यावी असे वाटते.

१२ फेब्रुवारी २०२४ रोजी तहसील कार्यालयात अर्ज दाखल केला. सोबत नमुना १०, दफन रजिस्टरचा उतारा, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे वडिलांचे प्रतिज्ञापत्र, तगाईच्या पावतीची साक्षांकित प्रत, आत्यांचे शाळेचे दाखले, सातबारा, वडिलांचे ओळखपत्र आणि दफनाला हजर असलेल्या दोन वृद्ध गावकऱ्यांचे जबाब. पावतीची मूळ प्रत आम्ही दाखवली, दिली नाही. जुना कागद एकच असेल तर तो कार्यालयात ठेवू नये. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, आणि पुढच्या प्रत्येक फेरीला तीच उपयोगी पडली.

१६ मार्चला लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली. कर्मचारी निवडणुकीच्या कामाला गेले आणि आमची फाइल थांबली. जिल्ह्यात १३ मे रोजी मतदान झाले, ४ जूनला निकाल लागले, आणि त्यानंतरच हालचाल सुरू झाली. या तीन महिन्यांत मी चार वेळा फोन केला आणि दोनदा पुण्याहून जाऊन आले. आता वाटते की त्या दोन फेऱ्या टाळता आल्या असत्या. प्रतीक्षेचा सर्वांत अधिक त्रास वडिलांना झाला. त्यांचे वय तेव्हा ७४ होते आणि 'हे काम माझ्या हातून पुरे होऊ दे' असे ते रोजच्या प्रार्थनेत म्हणत, हे आईने मला सांगितले.

२७ जूनला तलाठी भाऊसाहेब चौकशीसाठी गावात आले. मंदिराच्या ओसरीवर बसून त्यांनी जबाब घेतले. जबाब देणाऱ्यांपैकी एक आजोबा वारकरी आहेत, माळकरी, आबांचे बांधभाऊ. त्यांनी सांगितले की आषाढीला ते पंढरपूरला जात तेव्हा त्यांच्या गुरांना वैरणपाणी आबा करत, आणि नाताळात आबांची गुरे ते पाहत. आबांना शेवटचा ताप आला तेव्हा बैलगाडी जुंपून डॉक्टरला आणायला तेच निघाले होते, पण ओढ्याला पूर होता. हे सगळे पंचनाम्यात लिहिण्यासारखे नव्हते. तलाठ्यांनी 'मयतास दोन्ही नावांनी ओळखत होतो' एवढेच वाक्य घेतले आणि ते पुरेसे ठरले. बाकीचे मी माझ्या वहीत घेतले.

८ जुलैला एका स्थानिक दैनिकात जाहीर प्रगटन दिले, १५ दिवस हरकतीची वाट पाहिली, हरकत आली नाही. २१ ऑगस्टला आदेश झाला आणि २८ ऑगस्टला ग्रामपंचायतीने नोंद करून दाखला दिला. त्यावर दोन्ही नावे आहेत. तोपर्यंतचा खर्च असा झाला : वकिलांची फी २,५०० रुपये, प्रतिज्ञापत्रे व नोटरी ९०० रुपये, प्रगटन १,८०० रुपये, नकला आणि टंकलेखन साधारण ६०० रुपये. प्रवासाचे पैसे यात धरलेले नाहीत. वरचे पैसे कोणी मागितले नाहीत आणि आम्ही दिले नाहीत.

यानंतर वारसनोंद. इथे पुन्हा एक गोष्ट नीट समजून घ्यावी लागली. आमच्या गावात ख्रिस्ती घरे थोडी, त्यामुळे वारसांचा नमुना भरताना सर्वजण हिंदू वारसा कायदाच गृहीत धरतात. भारतीय ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश सर्व मुलांना सारखे, मुलगा-मुलगी असा भेद नाही. आबांच्या मागे आजी आणि चार मुले. आजी १९९९ मध्ये गेल्या, तेव्हा त्यांचा हिस्सा चौघांत सारखा वाटला गेला. म्हणून वडील, दोन आत्या आणि चुलते यांचा प्रत्येकी एक चतुर्थांश. चुलते २०१२ मध्ये वारले, त्यांच्या चतुर्थांशात चुलती आणि दोन मुले, प्रत्येकी एकूण जमिनीचा बारावा हिस्सा. हा हिशेब मी एका कागदावर मांडून घरच्या सर्वांना वाचून दाखवला.

आत्यांची नावे लावू नयेत, त्यांच्याकडून हक्कसोड घ्यावी, असा सल्ला आम्हांला दोघांतिघांनी दिला. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच असावे लागते आणि ते देणाऱ्याच्या खुशीने व्हावे लागते; पण मुळात वडिलांनाच ते नको होते. आबांनी दोघी मुलींना नगरच्या मिशन बोर्डिंगमध्ये शिकायला ठेवले, थोरलीच्या फीसाठी एक गाय विकली, हे सांगून ते म्हणाले की आबांच्या कागदावर त्यांच्या मुलींची नावे नसतील तर तो कागद मला नको. धाकट्या आत्या त्या वेळी काही बोलल्या नाहीत. घरी परतताना त्यांनी मला एवढेच विचारले की नाव लावताना आडनाव माहेरचे लिहायचे की सासरचे. आम्ही आधारप्रमाणे सासरचे लिहिले.

चुलत्यांच्या मृत्यूच्या दाखल्यात नावाची एक चूक होती. ती दुरुस्त होईपर्यंत विधानसभा निवडणूक आली आणि २०२५ चा जानेवारी उजाडला. त्यानंतर १ एप्रिलपासून शासनाने मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावण्याची 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर सुरू केली. चावडी वाचनात, म्हणजे गावात नोंदींच्या जाहीर वाचनात, आबांचे नाव वाचले गेले तेव्हा वडील तिथे उभे होते. ८ एप्रिलला आम्ही मृत्यूचे तीन दाखले, वारसांचे प्रतिज्ञापत्र, पोलीस पाटलांचा दाखला आणि सर्व वारसांचे पत्ते व फोन क्रमांक दिले. नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद झाली, फेरफार धरला गेला, नोटिसा निघाल्या, हरकतीचे १५ दिवस गेले आणि ९ मे रोजी मंडळ अधिकाऱ्यांनी फेरफार प्रमाणित केला. तहसीलमध्ये पहिला अर्ज केला तेव्हाच्या कागदांवर जिल्हा अहमदनगर होता. नव्या सातबाऱ्यावर अहिल्यानगर आहे.

आबांच्या कबरेवर तोपर्यंत फक्त दगडांची ओळ होती. दाखला हाती आल्यावरच शिळेवर नाव कोरायचे असे वडिलांनी ठरवले होते. काळ्या दगडाची शिळा कोरून, आणून, बसवण्यासह १४,००० रुपयांना झाली. ती मेच्या अखेरीस बसवायची होती, पण त्या वर्षी पाऊस मेमध्येच आला आणि दफनभूमीत गाडी नेता येईना. शिळा बसवताना खाली पक्के काँक्रीट घालावे. आमच्याकडची जमीन काळी आहे, ती उन्हाळ्यात फाटते आणि साध्या पायावरची शिळा दोन वर्षांत कलंडते.

रविवार २२ जून २०२५ रोजी स्मरणभक्ती झाली. आत्या, चुलती, आम्ही सर्व नातवंडे आणि सगळी मंडळी हजर होती. माळकरी आजोबा पुढच्या रांगेत बसले. आबा टाळ धरून म्हणत ती भजने मंडळीतल्या म्हाताऱ्या बायकांनी म्हटली. वडिलांनी माझ्या वहीतली दोन पाने वाचली, पावतीची आणि लिंबाची. शिळेवर वरच्या ओळीत बाप्तिस्म्याचे नाव आहे, त्याखाली 'ऊर्फ' आणि हाकेचे नाव, मग तारखा, मग 'शेतकरी'. आजींचे नावही शेजारीच कोरले आहे.

भक्तीनंतर पाळकसाहेबांनी पेटी उघडून १९८६ चे रजिस्टर काढले आणि आबांच्या ओळीपुढच्या शेऱ्याच्या रकान्यात दुसरे नाव आणि सरकारी दाखल्याचा क्रमांक लिहून खाली सही केली. आम्ही त्या रजिस्टरच्या सर्व पानांची छायाचित्रे काढली, म्हणजे पुढे वाळवी लागली तरी नोंदी राहतील. पेटी बंद करणार तेवढ्यात खालच्या वस्तीतल्या एका कुटुंबातले दोघे भाऊ आले. त्यांच्या आजोबांना १९७९ मध्ये दफन केले होते आणि त्यांच्याही सातबाऱ्यावर दुसरेच नाव होते. पाळकसाहेबांनी कापड पुन्हा सोडले, आणि मी खाली बसून १९७९ च्या जानेवारीपासून पाने उलटायला सुरुवात केली.